नोकरी तिने का सोडावी? : कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ आणि कायदा

आपल्या वसतिगृहासारख्या संस्थांतून शिकून बाहेर पडलेल्या मुली आज कोठे नाहीत? जिल्हा परिषदेच्या शाळांत, रुग्णालयांत, बँकांत, न्यायालयांत, पोलीस दलात, पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत आणि शहरांतील मोठ्या दुकानांत त्या काम करीत आहेत. यांपैकी अनेकजणी आपल्या घराण्यातील पहिल्या पगारदार स्त्रिया आहेत. आजीने दुसऱ्याच्या शेतात निंदणी-खुरपणी केली, आई मोलमजुरीला गेली. महिन्याच्या महिन्याला ठरलेले वेतन घरात प्रथम आले ते या मुलीच्या नावाने. त्या वेतनावर धाकट्या भावंडांचे शिक्षण, वडिलांचे औषधपाणी आणि घराचे अर्धवट राहिलेले बांधकाम अवलंबून असते. म्हणूनच तिच्या नोकरीवर आलेले संकट तिच्या एकटीचे राहत नाही.

अशा मुलीला कार्यालयातील वरिष्ठाने किंवा सहकाऱ्याने त्रास दिला आणि तिने धीर करून तो घरी सांगितला, तर बहुतेक घरांत पहिले वाक्य एकच उमटते : "बाई, दे सोडून ती नोकरी आणि ये घरी." हे वाक्य मायेपोटीच येते, याविषयी शंका नाही. परंतु त्याचा परिणाम काय होतो, हे शांतपणे पाहिले पाहिजे. त्रास देणारा आपल्या खुर्चीवर राहतो आणि जिने काही अपराध केला नाही तिची खुर्ची रिकामी होते. त्या खुर्चीवर उद्या दुसऱ्या कोणाची तरी लेक येऊन बसते.

या विषयावरील भारतीय कायद्याची रचना नेमकी याच्या उलट विचारावर उभी आहे. स्त्रीने काम सोडू नये, तिचे काम तिच्याकडेच राहावे आणि चौकशी त्रास देणाऱ्याची व्हावी, अशी व्यवस्था त्यात आहे. ती आपल्या पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना नीट माहीत असावी, यासाठी हा लेखप्रपंच.

कायद्याचे पूर्ण नाव लांबलचक आहे : कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई व निवारण) अधिनियम, २०१३. तो ९ डिसेंबर २०१३ पासून अमलात आला. परंतु त्याचा जन्म संसदेत झाला नाही. तो झाला जयपूरजवळच्या भटेरी नावाच्या खेड्यात, एका कुंभार स्त्रीच्या वाट्याला आलेल्या यातनांतून. भंवरीदेवी राजस्थान शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथीन' म्हणून अल्प मानधनावर काम करीत होत्या. बालविवाह थांबविणे हा त्यांच्या कामाचाच भाग होता. १९९२ मध्ये गावातील वरचढ जातीच्या कुटुंबातील एका तान्ह्या मुलीचा विवाह रोखण्याचा त्यांनी प्रयत्न केला आणि त्याचा सूड म्हणून सप्टेंबर महिन्यात त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले.

भंवरीदेवींवरील अत्याचार त्यांनी केलेल्या कामामुळे झाला होता. ज्या शासनाने त्यांना हे काम दिले, त्या शासनावर त्यांच्या सुरक्षिततेची काही जबाबदारी होती की नाही? हा प्रश्न घेऊन 'विशाखा' आणि इतर काही महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ रोजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा, न्यायमूर्ती सुजाता मनोहर आणि न्यायमूर्ती बी. एन. किरपाल यांच्या पीठाने निकाल दिला. न्यायमूर्ती मनोहर या मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती होत्या, हे येथे नोंदवण्यासारखे आहे. कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ हा राज्यघटनेच्या कलम १४, १५, १९ आणि २१ यांनी दिलेल्या समतेच्या, भेदभावरहित वागणुकीच्या, व्यवसाय-स्वातंत्र्याच्या आणि जीविताच्या हक्कांचा भंग आहे, असे न्यायालयाने ठरविले. त्या वेळी या विषयावर स्वतंत्र कायदा नव्हता. म्हणून न्यायालयाने स्वतः मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि संसद कायदा करीपर्यंत तीच कायद्याप्रमाणे बंधनकारक राहतील, असे जाहीर केले. प्रत्येक कार्यालयात तक्रार समिती असावी, तिच्या अध्यक्षस्थानी स्त्री असावी, निम्म्याहून कमी स्त्रिया नसाव्यात आणि एक सदस्य बाहेरचा असावा, हे सर्व तेथूनच आले.

बाबासाहेबांनी घडवलेल्या घटनेतील कलमे पन्नास वर्षांनी एका खेड्यातील मानधनावरच्या कार्यकर्तीच्या निमित्ताने अशी कामास आली. श्रमिक स्त्रीचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नव्हताच. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाची बाजू मांडली होती आणि जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या दलित महिला परिषदेच्या ठरावांत गिरण्या व विडी कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांच्या रजेचा विचार झाला होता.

निकाल १९९७ चा आणि कायदा २०१३ चा. मधली सोळा वर्षे समित्या बहुतांशी कागदावरच राहिल्या. पुण्याच्या 'आलोचना' संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांनी ही अनास्था सर्वोच्च न्यायालयापुढे मांडली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये न्यायालयाने अंमलबजावणीबद्दल कडक निर्देश दिले. महाराष्ट्रातील कार्यकर्त्या स्त्रीचा हा वाटा आपल्याकडे पुरेसा सांगितला जात नाही.

आता छळ म्हणजे काय, ते पाहू. कायद्याने 'नकोसे' या शब्दावर सर्व भर दिला आहे. नकोसा स्पर्श किंवा शारीरिक जवळीक, लैंगिक सुखाची मागणी अथवा विनंती, लैंगिक अर्थाचे शेरे, अश्लील चित्रे वा चित्रफिती दाखवणे, आणि लैंगिक स्वरूपाचे अन्य कोणतेही नकोसे वर्तन, मग ते शब्दांनी असो, कृतीने असो वा केवळ हावभावांनी. 'मी तर गमतीने बोललो' हा बचाव येथे चालत नाही. बोलणाऱ्याचा हेतू काय होता यापेक्षा ऐकणारीला ते हवे होते का, हा प्रश्न मोठा आहे. स्पर्श झालाच पाहिजे असेही नाही. १९९९ मध्ये वस्त्र निर्यात संवर्धन परिषदेच्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात, 'त्याने प्रत्यक्ष विनयभंग केला नाही, केवळ प्रयत्न केला', या कारणावरून उच्च न्यायालयाने त्याला दिलासा दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करून त्याची बडतर्फी कायम केली.

याखेरीज आणखी काही प्रसंग कायदा विशेष करून सांगतो. 'माझे ऐकलेस तर बढती देतो' असे सुचवणे, 'नाही ऐकलेस तर कायम होणार नाहीस' असे धमकावणे, तिच्या कामात मुद्दाम अडथळे आणणे, कार्यालयात तिला वावरणे कठीण होईल असे वातावरण करणे, तिच्या आरोग्यावर परिणाम होईल असा अपमान करणे. कंत्राटी नोकरीत असलेल्या आपल्या मुलींना यांतील दुसऱ्या वाक्याची ओळख अधिक असते. अकरा महिन्यांचा करार संपत आला की काही साहेबांच्या बोलण्याचा सूर बदलतो, हे कोणाला ठाऊक नाही?

पालकांचा एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. हा कायदा केवळ कायम नोकरीतील, मोठ्या कार्यालयातील स्त्रियांसाठी आहे, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. रोजंदारीवरील, कंत्राटी, हंगामी, प्रशिक्षणार्थी, शिकाऊ उमेदवार, इतकेच नव्हे तर विनावेतन स्वयंसेविका, या सर्वजणी 'कर्मचारी' या व्याख्येत येतात. तक्रार करणारी स्त्री त्या ठिकाणी नोकरीला असलीच पाहिजे अशीही अट नाही. रुग्णालयात आलेली रुग्ण, महाविद्यालयातील विद्यार्थिनी, बँकेत कामासाठी आलेली ग्राहक यांनाही हे संरक्षण आहे. 'कामाचे ठिकाण' म्हणजे चार भिंतींतले कार्यालयच नव्हे. कामानिमित्त जेथे जावे लागते ती प्रत्येक जागा आणि मालकाने दिलेले वाहनसुद्धा त्यात येते. घरोघरी फिरणारी आशा कार्यकर्ती, सर्वेक्षणाला गेलेली अंगणवाडी सेविका, कंपनीच्या बसमधून रात्रपाळीहून परतणारी मुलगी, दुसऱ्याच्या घरी धुणी-भांडी करणारी स्त्री, उसाच्या फडात मुकादमाच्या टोळीत राबणारी बाई, या सर्वांचा विचार कायद्याने केला आहे. त्यांच्यापर्यंत तो पोहोचला का, हा प्रश्न वेगळा आणि त्याचे उत्तर फारसे समाधानकारक नाही.

दहा किंवा त्याहून अधिक माणसे काम करीत असतील अशा प्रत्येक ठिकाणी, आणि शाखा अनेक असतील तर प्रत्येक शाखेत, मालकाने अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. वरिष्ठ पदावरील स्त्री तिची पीठासीन अधिकारी असते. कर्मचाऱ्यांतून किमान दोन सदस्य घ्यायचे आणि एक सदस्य बाहेरच्या सामाजिक संस्थेतला किंवा या विषयाचा जाणकार असावा लागतो. एकूण सदस्यांत निम्म्या तरी स्त्रिया हव्यात. समिती न नेमणाऱ्या मालकास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे; पुन्हा तोच अपराध केला तर दंड दुप्पट होतो आणि व्यवसायाचा परवानाही जाऊ शकतो. बाहेरच्या सदस्याची तरतूद मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कार्यालयातील प्रत्येकाचे वेतन, बदली, बढती कोणा ना कोणाच्या हाती असते. ज्याला त्या साहेबाकडून काहीच नको आहे असा एक तरी माणूस त्या टेबलाशी बसलेला असावा, हा त्यामागील विचार आहे.

पण जेथे दहा माणसे नाहीत, तेथे काय? लहान दुकान, खासगी दवाखाना, वकिलाचे वा सनदी लेखापालाचे कार्यालय, शिकवणीवर्ग, घरकाम? अथवा खुद्द मालकाविरुद्धच तक्रार असेल तर? त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकाऱ्याने स्थानिक समिती नेमायची असते. तालुक्याच्या ठिकाणी नोडल अधिकारी असावा आणि त्याने आलेली तक्रार सात दिवसांत समितीकडे पाठवावी, असे कायदा सांगतो. आपल्या समाजातील बहुसंख्य श्रमिक स्त्रिया याच गटात मोडतात. म्हणून आपल्या दृष्टीने अंतर्गत समितीपेक्षा ही स्थानिक समितीच अधिक मोलाची आहे आणि नेमकी तीच सर्वांत कमी ठाऊक असलेली आहे.

या स्थानिक समितीच्या रचनेत एक तरतूद अशी आहे, की ती वाचून आपल्या संघटनांनी खडबडून जागे व्हावे. सामाजिक संस्थांतून किंवा या प्रश्नाच्या जाणकारांतून समितीवर जे दोन सदस्य नेमायचे, त्यांच्यापैकी किमान एक सदस्य अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग किंवा केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या अल्पसंख्य समाजातील स्त्री असलीच पाहिजे. बौद्ध समाज हा अधिसूचित अल्पसंख्य समाज आहे. म्हणजे जिल्ह्याच्या समितीवर बसण्याचा मार्ग आपल्या शिकलेल्या, समाजकार्यातील भगिनींना कायद्यानेच खुला केला आहे. आपल्या जिल्ह्यात ही जागा भरलेली आहे का, भरली असल्यास कोणी, हे विचारण्यासाठी माहिती अधिकाराचा एक साधा अर्ज पुरतो. आपल्याकडे किती महिला मंडळांनी तो आजवर केला असेल?

यानंतर येतो काळाचा हिशेब. घटना घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार दिली पाहिजे. त्रास वारंवार झाला असेल तर शेवटच्या प्रसंगापासून तीन महिने. आता आपल्या घरांत काय घडते, ते पाहा. समजा, प्रसंग जूनच्या अखेरीस घडला. महिनाभर मुलगी कोणालाच बोलली नाही. मग खोलीवरच्या मैत्रिणीला बोलली. ऑक्टोबरमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी गावी आली तेव्हा आईच्या कानावर घातले. आईने वडिलांना सांगावे की नाही याचा विचार केला, वडिलांनी काकांना विचारले, काकांनी लग्न ठरेपर्यंत थांबावे असे सुचवले. या सल्लामसलतीत कोणाचाच हेतू वाईट नाही, परंतु कायद्याने दिलेली मुदत सप्टेंबरअखेरच संपलेली आहे. विलंबाला सबळ कारण असेल तर समिती ते लेखी नमूद करून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. म्हणून उशीर झाला तरी तक्रार द्यावी आणि उशिराचे खरे कारण तक्रारीतच लिहावे. भीती हेही कारण आहे; ते लिहिण्यात कमीपणा नाही.

तक्रार कशी लिहावी, याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण पुष्कळ तक्रारी सत्य असूनही लिहिण्यातील मोघमपणामुळे दुबळ्या होतात. 'साहेबांची वागणूक चांगली नाही' या वाक्यावर समिती काहीच करू शकत नाही. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या जागी, नेमके काय घडले, कोणते शब्द उच्चारले गेले, आसपास कोण होते, त्यानंतर ही गोष्ट सर्वप्रथम कोणाला सांगितली, हे सर्व लिहावे. शब्द घाणेरडे असले तरी जसेच्या तसे लिहावेत. आपल्या मुली संकोचाने तेथेच टिंबे देतात आणि मग चौकशीत त्या टिंबांचा फायदा दुसऱ्याला मिळतो. प्रसंग घडला त्याच रात्री वहीत तारखेसह नोंद करून ठेवणे फार उपयोगी पडते. मोबाइलवरचे संदेश रागाने पुसून टाकू नयेत. तक्रारीच्या सहा प्रती, सोबत जे पुरावे असतील ते आणि साक्षीदारांची नावे-पत्ते द्यावे लागतात. स्वतः लिहिता येत नसेल तर लिहून घेण्यास मदत करणे हे समितीचे कर्तव्य आहे. स्त्री काही कारणाने तक्रार देऊच शकत नसेल, तर घटनेची माहिती असलेली व्यक्ती तिच्या लेखी संमतीने ती देऊ शकते.

पुढे तक्रारीची प्रत सात दिवसांत त्या व्यक्तीला जाते, तिने दहा दिवसांत उत्तर द्यायचे, आणि चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हायची. साक्षीदारांना व कागदपत्रांना बोलावण्यापुरते समितीला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. दोन्ही पक्षांना वकील आणता येत नाही, ही एक दिलासादायक गोष्ट : साहेबाला मोठा वकील परवडतो आणि मुलीला नाही, ही विषमता निदान या दालनात नाही. तिची इच्छा असेल तर चौकशीपूर्वी समेट होऊ शकतो. मात्र पैसे हा त्या समेटाचा पाया असू शकत नाही, असे कायद्याने स्पष्ट म्हटले आहे. गावकीच्या बैठकीत रक्कम ठरवून प्रकरण मिटवण्याची सवय असलेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

नोकरी सोडण्याचा जो प्रश्न आपण आरंभी पाहिला, त्याचे उत्तर कायद्याच्या बाराव्या कलमात आहे. चौकशी चालू असताना स्त्री लेखी मागणी करू शकते, की माझी अथवा त्याची दुसरीकडे बदली करा, किंवा मला रजा द्या. ही रजा तीन महिन्यांपर्यंत मिळू शकते आणि ती तिच्या हक्काच्या रजेतून वजा होत नाही. त्रास देणारा तिचा वरिष्ठ असेल तर तिचा गोपनीय अहवाल लिहिण्याचे काम त्याच्याकडून काढून दुसऱ्याकडे देता येते. 'रोज त्याच्यासमोर कशी बसू?' हा मुलीचा प्रश्न रास्त आहे, आणि राजीनाम्याखेरीज त्याचे हे एक उत्तर आहे. आरोप सिद्ध झाला तर समितीच्या अहवालावर मालकाने साठ दिवसांत कारवाई करायची असते. नुकसानभरपाई त्या व्यक्तीच्या वेतनातून कापून देण्याचीही तरतूद आहे. निर्णय मान्य नसेल तर नव्वद दिवसांत अपील करता येते.

'विशाखा' हे नाव वाचून आपल्या वाचकांना श्रावस्तीची महाउपासिका आठवली असेल. तिची एक कथा धम्मपदाच्या अट्ठकथेत येते. सासरा मिगार श्रेष्ठी सोन्याच्या पात्रात खीर खात बसला असता दारी भिक्खू आले; त्याने पाहून न पाहिल्यासारखे केले. तेव्हा, आपले सासरे शिळे अन्न खात आहेत, असे विशाखा भिक्खूंना म्हणाली. संतापून मिगाराने तिला घराबाहेर काढण्याची आज्ञा दिली. ती निघाली नाही. आपण विकत आणलेली दासी नव्हे, वडिलांनी आठ गृहस्थ नेमून दिले आहेत, त्यांना बोलवा आणि माझा दोष काय तो ठरवा, असे तिने सांगितले. ते आठजण आले, त्यांनी एकेक आरोप तपासला आणि तिला निर्दोष ठरवले. सासरा जुन्या पुण्याईवरच जगत आहे, एवढाच तिच्या बोलण्याचा अर्थ होता. मग मिगारानेच क्षमा मागितली. येथे छळाची तक्रार नव्हती, आरोप तिच्यावरच होता. तरीही चौकशी झाल्यावाचून मी जागा सोडणार नाही, हा तिचा आग्रह आणि घराबाहेरच्या माणसांनी निवाडा करण्याची ती रीत अडीच हजार वर्षांनी ओळखीची वाटते खरी.

आपल्या समाजातील स्त्रीच्या बाबतीत छळाला पुष्कळदा जातीचीही धार असते. 'आरक्षणातून आलीस' या टोमण्यापासून आरंभ होतो आणि 'हिच्या पाठीशी कोण उभे राहणार?' या हिशेबावर पुढचे धाडस केले जाते. म्हणून दुसरा कायदाही ठाऊक हवा. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, असे स्पष्ट घातले गेले, की स्त्री अनुसूचित जातीची किंवा जमातीची आहे हे माहीत असताना तिला संमतीवाचून लैंगिक हेतूने स्पर्श करणे, तसेच तिच्याबाबत लैंगिक स्वरूपाचे शब्द, कृती वा हावभाव करणे हा अत्याचार आहे. त्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कारावास आहे. धर्मांतरित बौद्धांना हा कायदा लागू होत नाही, असा अपप्रचार अधूनमधून ऐकू येतो. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा अनुसूचित जातीचा दर्जा मान्य झालेला आहे; जातीचा दाखला मात्र जवळ असावा.

याखेरीज लैंगिक छळ हा स्वतंत्र फौजदारी गुन्हाही आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४-अ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ मध्ये आहे. समितीकडे जावे की पोलिसांकडे, असा प्रश्न विचारला जातो. दोन्ही वाटा एकाच वेळी खुल्या आहेत. पोलिसांत जायचे असेल तर मालकाने तिला मदत केली पाहिजे. घरकामगार स्त्रीच्या बाबतीत तर प्रथमदर्शनी तथ्य दिसल्यास स्थानिक समितीनेच सात दिवसांत प्रकरण पोलिसांकडे पाठवायचे असते.

'आणि खोट्या तक्रारींचे काय?' हा प्रश्न सभांमधून हमखास येतो, बहुधा तक्रारींविषयी इतर काही विचारण्याआधीच येतो. कायद्याने त्याचाही विचार केला आहे : जाणूनबुजून, दुष्ट हेतूने केलेली खोटी तक्रार सिद्ध झाल्यास कारवाई होऊ शकते. पण त्याच कलमात असेही म्हटले आहे, की केवळ पुरावा देता आला नाही म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. बंद दालनात घडलेल्या गोष्टीला साक्षीदार कोठून आणायचा? दुसऱ्या बाजूने, ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही बाजू मांडण्याची पुरेशी संधी मिळालीच पाहिजे. गोवा विद्यापीठातील एका प्राध्यापकाच्या प्रकरणात समितीने सुनावण्या इतक्या घाईने उरकल्या, की मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द करून चौकशी पुन्हा समितीकडे पाठवली. घटना २००९ च्या सुमारास चर्चेत आली होती. चौदा वर्षांनी प्रकरण पुन्हा पहिल्या पायरीजवळ. अशा घाईत तक्रारदार विद्यार्थिनींच्या पदरी काय पडले? सदोष चौकशी शेवटी तक्रार करणारीचेच नुकसान करते. त्याच प्रकरणात, देशभर समित्या खरोखर नेमल्या आहेत का हे तपासण्याचे आदेश न्यायालयाने दिले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये जिल्हा अधिकारी व स्थानिक समित्या नेमण्यासाठी राज्यांना मुदत घालून दिली.

आपले अनेक माजी विद्यार्थी आज स्वतः अधिकारी आहेत, मुख्याध्यापक आहेत, काहींचे स्वतःचे व्यवसाय आहेत. त्यांनी ही गोष्ट केवळ बहिणीचा भाऊ म्हणून वाचू नये. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी सेवकांप्रति मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत : झेपेल तेवढेच काम, योग्य वेतन, आजारपणात शुश्रूषा, वेळेवर विसावा. त्या यादीच्या जोडीला तिसरे शील ठेवले की आजच्या कायद्याचा आशय वेगळा शिकवावा लागत नाही. मात्र शील पाळतो म्हणून समितीची गरज नाही, असे कोणी म्हणू नये. आपलीच माणसे, आपलीच संस्था, येथे असे काही होणार नाही, हा विश्वास ज्या ठिकाणी जास्त असतो, तेथे तक्रार करणारीला बोलणे अधिक कठीण जाते. समाजाची बदनामी होईल, विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल, असे सांगून तिला गप्प केले जाते. चळवळीतही हे घडते. ते नाकारण्यात अर्थ नाही.

आणि निवासी शाळा हीही कामाचे ठिकाणच आहे. शिक्षिका, अधीक्षिका, लिपिक, स्वयंपाकघरातील भगिनी, सफाई कर्मचारी या सर्वांना हा कायदा लागू आहे. अठरा वर्षांखालील विद्यार्थी-विद्यार्थिनींसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही, आणि अशी घटना कळल्यावर ती पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, संस्थाचालकांवर तर विशेषच. ते प्रकरण कोणत्याही समितीने आपापसात मिटवायचे नसते.

समितीची नावे आणि संपर्क क्रमांक ठळक जागी लावणे हे मालकाचे कर्तव्य आहे. बहुतेक ठिकाणी हा फलक, असला तर, कार्यालयात मुख्याधिकाऱ्यांच्या खुर्चीमागे असतो आणि इंग्रजीत असतो. आपल्यासारख्या संस्थेत तो मराठीत, मोठ्या अक्षरांत, भोजनगृहाच्या दारापाशी असावा, कारण स्वयंपाकाच्या बाया कार्यालयात महिन्यातून एकदाच, पगाराच्या सहीला जातात. त्याखालीच जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयाचा पत्ता लिहावा. त्या विभागाचा अथवा समाजकल्याण विभागाचा अधिकारी स्थानिक समितीचा पदसिद्ध सदस्य असतो, आणि आपल्याच संस्थेविरुद्ध तक्रार करायची झाली तर कोठे जावे हे विचारायला कोणालाही आपल्या दाराशी यावे लागू नये.